आकडा सांगायचा नाही

परवा माझी तपासणी आहे. उपचार संपून बराच काळ लोटला, तरी तपासणीच्या आधीचा आठवडा मी माणसात नसते. भाजीत मीठ दोनदा पडतं, लेकीच्या, ओवीच्या डब्यात चमचा द्यायचा राहून जातो, आणि हात सारखा मानेकडे जातो. नवरा म्हणतो, डॉक्टरच म्हणाले ना सगळं छान आहे म्हणून. डॉक्टरांचं काय जातं म्हणायला. मान माझी आहे.

किमोच्या खोलीत पहिल्यांदा बसले होते तेव्हा येणारा-जाणारा मला पॉझिटिव्ह राहायला सांगत होता. मी राहिले नाही. सगळा वेळ मी घाबरलेली होते, आणि तरीही बरी झाले. एवढं जरी तिथे आज बसलेल्या एखादीला कळलं तरी पुष्कळ, म्हणून हे लिहायला घेतलं. दुसरं कारण माझी आजी. ती नर्स होती. तिनं मला दोनदा वाढवलं, एकदा लहानपणी आणि एकदा या आजारात. आणि मधल्या एका रविवारी तिच्याच हातून मी जवळजवळ गेले होते.

स्कार्फ

मी लोणावळ्यातल्या एका हॉटेलच्या रिसेप्शनवर काम करते. पावसाळ्यात लोक येऊन मला विचारतात, मॅडम, धुकं किती वाजता येतं? मी हसून सांगते की सर, नाश्त्यानंतर. हसायचाच पगार आहे. गणवेशाबरोबर गळ्यात एक स्कार्फ बांधावा लागतो. एका सकाळी तो बांधताना मानेच्या डाव्या बाजूला बोटाला काहीतरी लागलं. आवळ्याएवढं, टणक. दुखत नव्हतं, म्हणून मी ते सर्दीच्या खात्यात टाकून दिलं आणि स्कार्फ जरा वर बांधायला लागले.

पुढे कामशेतला आजीकडे गेले तेव्हा तिला दाखवलं. आजी म्हणजे माझ्या आईची आई. मी तिसरीत असताना आई गेली, वडिलांनी दुसरं घर केलं, आणि मी आजीजवळ राहिले. आजीनं दोन बोटांनी गाठ चाचपली. हलते का ते पाहिलं, काखेत हात घालून पाहिलं. मग ती मोरीत गेली आणि साबणानं हात धुवायला लागली. धुतच राहिली. मी बाहेरून विचारलं, काय वाटतं गं तुला?

"उद्या डाक्टरकडं जायाचं," ती आतून म्हणाली. "मी येते संगं."

आजीच्या चेहऱ्यावरून कधी काही कळायचं नाही. कळायचं ते हातांवरून. नळ बंद होईना तसा माझा हात पुन्हा गाठीवर गेला.

रिपोर्टचा दिवस

गाठीचा तुकडा तपासायला गेला, आणि रिपोर्ट यायच्या दिवशी आम्ही तिघं पुण्याला गेलो. मी, माझा नवरा निलेश आणि आजी. डॉक्टर तरुण होते, सभ्य होते. लिम्फोमा म्हणाले, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर. बरे होणारे लोक कितीतरी आहेत असंही म्हणाले, पण ते मला घरी आल्यावर निलेशनं सांगितलं तेव्हा कळलं. त्या खोलीत पहिल्या शब्दानंतर मला काही ऐकूच आलं नाही.

माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. ओवी चार वर्षांची आहे. आई गेली तेव्हा मी आठ वर्षांची होते, आणि मला आईचा आवाज आठवत नाही. चेहरा फोटोमुळे आठवतो, आवाज नाही. आठ वर्षांच्या मुलीला आठवत नाही, तर चारच्या मुलीला काय आठवणार? मरणाची भीती वाटलीच, खोटं कशाला बोलू. पण त्याहून मोठी भीती ही होती की ओवीला मी आठवणारच नाही.

खाली कँटीनमध्ये निलेशला बिस्किटाचा पुडा फोडता येईना. आजीनं पुडा घेतला, दातानं फोडला, दोन बिस्किटं माझ्या चहात बुडवली आणि म्हणाली, "आदी खा."

बाई

मावळातल्या पुष्कळ गावांत माझ्या आजीला नुसतं 'बाई' म्हणत. नर्सबाईतलं नर्स कधीतरी गळून पडलं होतं. आजोबा लवकर गेले. जाऊबाईंच्या हाताखाली भाताच्या शेतात राबत बसण्यापेक्षा ती नर्सिंग शिकायला गेली, आणि सरकारी दवाखान्यात लागली. खांद्याला लशींचा डबा अडकवून ती वडिवळ्याच्या वरच्या वाड्यांपर्यंत चालत जायची. सुईच्या भीतीनं बायका पोरं घेऊन भाताच्या खाचरात लपायच्या. ही बांधावर बसून राहायची. कुणाच्या घरची भाकरी खायची, कुणाच्या पोरीच्या डोक्यातल्या उवा काढायची, आणि उन्हं उतरली की एकेक पोर आपोआप पुढे यायचं.

तिचा एक नियम होता. पेशंटला तापाचा आकडा सांगायचा नाही. थर्मामीटर काढायचा, खिडकीकडे धरून बघायचा, लगेच झटकायचा आणि म्हणायचं, काय न्हाई, कणकण हाय. लहानपणी मला गोवर निघाला तेव्हाही ती असंच म्हणाली होती.

या नियमाला कारण होतं. नोकरीच्या सुरुवातीला एका वाडीवर तिनं एका बाईला सांगितलं की तुझ्या पोराला एकशे चार ताप आहे. आकडा ऐकून ती बाई इतकी भ्याली की आजीची पाठ फिरताच तिनं पोराला दोन गोधड्यांत गच्च गुंडाळलं आणि चुलीपाशी घेऊन बसली. पोराला झटके आले. वाचलं ते, पण तेव्हापासून आजीनं आकडा कुणाला म्हणून सांगितला नाही. भ्यालेला माणूस उलटंच काहीतरी करतो, असं ती म्हणायची.

उकळतं पाणी

किमो सुरू झाली आणि आजी कामशेतचं घर बंद करून आमच्या लोणावळ्याच्या फ्लॅटमध्ये आली. डॉक्टरांनी बजावलं होतं की किमोनंतर अंगातली ताकद उतरते, साधा जंतूसुद्धा भारी पडतो. दिवसातून दोनदा ताप बघायचा. शंभराच्या पुढे गेला की वाट बघायची नाही, गोळी देऊन झोपवायचं नाही, असाल तसे हॉस्पिटलला यायचं. हे त्यांनी दोनदा सांगितलं, आणि दुसऱ्यांदा सांगताना ते हसत नव्हते.

ओवीला परंदवडीला सासूबाईंकडे पाठवावं लागलं, कारण बालवाडीतून ती रोज वाहतं नाक घेऊन यायची. ती जाताना रडली नाही. गाडीत बसून मला म्हणाली, तुझे केस उगवले की मी येते. मी आत येऊन उशीत तोंड खुपसून रडले.

लोणावळ्याचा पावसाळा बाहेरच्यांना आवडतो. आम्हाला तो भिंतीवर दिसतो, कपाटात दिसतो, चपलांवर हिरवा दिसतो. आजीनं त्या बुरशीशी उभा दावा मांडला. भिंती पुसायची, कपडे शेगडीवर सुकवायची, आणि माझं ताट, वाटी, पेला, चमचा दर जेवणाआधी मोठ्या पातेल्यात उकळायची. निलेश म्हणायचा, आजी, एवढं नका करू, तुमचे हात भाजतील. ती ऐकायची नाही.

ताप बघायचं काम अर्थात तिचं. काचेचा, पाऱ्याचा थर्मामीटर तिनं स्वतःच्या जुन्या, दवाखान्याच्या डब्यातून आणला होता. निलेशनं बॅटरीवरचा एक आणला, तर ती म्हणाली की सेल उतरला की त्ये काय पन दाखवतंय. तो तसाच कपाटात गेला. घरात नर्स असताना तो उघडावा असं आमच्यापैकी कुणाच्या मनातही आलं नाही.

रविवार

तिसऱ्या किमोनंतरचा रविवार. निलेश तळेगावच्या कारखान्यात पहिल्या पाळीला गेला होता. जेवण झाल्यावर मला थंडी वाजायला लागली. त्या दिवसांत लोणावळ्यात सगळ्यांनाच थंडी वाजते, पण माझे दात वाजत होते. मी आजीला हाक मारली.

ती स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली. माझ्या काखेत थर्मामीटर लावला, कपाळावर हात ठेवून बसली. मग थर्मामीटर काढला, खिडकीपाशी नेऊन तिरका धरला आणि झटकला.

"काय न्हाई. जरा कणकण हाय. पड गप."

किती आहे ते मी विचारलं. तुला काय करायचंय, असं म्हणून तिनं पांघरूण घातलं.

आणि मी झोपले. सगळ्या आजारपणात तेवढी निर्धास्त झोप मला कधी लागली नव्हती. आजीनं सांगितलं होतं काही नाही म्हणून. लहानपणापासून मी त्या वाक्यावर झोपत आले होते.

निलेशनं घरी आल्यावर माझ्या पायाला हात लावला आणि थेट कपाट उघडलं. मग पीप असा आवाज आला आणि तो म्हणाला, "एकशे तीन." मी डोळे उघडले तेव्हा आजी दारात उभी होती. ती आपल्या हातांकडे बघत होती.

रविवारी दुपारनंतर लोणावळ्यातून बाहेर पडणं म्हणजे काय, ते इथल्या माणसाला सांगायला नको. पुढेमागे मुंबई-पुण्याच्या गाड्या, छतातून बाहेर निघून नाचणारी पोरं, खिडकीतून कणसं विकणारे. निलेश हॉर्नवर हात ठेवून होता आणि कुणी हलत नव्हतं. शेजारच्या गाडीतल्या एका बाईनं माझ्याकडे, माझ्या टकलाकडे बघून पटकन काच वर केली. मला आठवतंय, मी मनात ओवीशी बोलत होते. मोठ्यानं बोलावं, निलेशच्या फोनमध्ये आवाज तरी राहील, असं वाटत होतं, पण जीभ उचलत नव्हती. माझं डोकं आजीच्या मांडीवर होतं. तिनं कपाळावर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा उचलला. कामशेत येऊन गेलं, तिचं घर गेलं, तिनं बाहेर पाहिलं नाही.

हॉस्पिटलात शीर शोधता शोधता सिस्टरनं विचारलं, घरी ताप कधी बघितला होता, किती होता? निलेशनं आजीकडे पाहिलं.

"मला म्हायती न्हाई," आजी म्हणाली. "पारा दिसत न्हाई मला. लय दिस झालं. मी हातानंच बगते." मग हात पदराखाली घेत ती म्हणाली, "आज भांडी उकळत्या पान्यातनं काडत व्हते. हात तापल्याला व्हता. तापल्या हाताला ताप लागत न्हाई, त्यो गारच लागतो. हे मला कळाय पायजे व्हतं."

सिस्टरला शीर सापडली. मग तिनं पायानं एक स्टूल आजीकडे सरकवलं आणि म्हणाली, "बसा मावशी." त्या दिवशी आजीशी नीट बोललेली ती एकटीच.

काचेचं दार

मला वेगळ्या खोलीत ठेवलं. येणारा प्रत्येक माणूस मास्क आणि गाऊन घालून यायचा, फक्त डोळे दिसायचे. माणसं खोटं बोलतात ती तोंडानं, डोळ्यांनी नाही, हे तिथे कळलं. पहिल्या दिवशी डॉक्टरांचे डोळे बघून मी पुढे बघायचंच सोडलं. रक्तदाब उतरला होता, रक्तातल्या पांढऱ्या पेशी जवळजवळ नव्हत्या. मशीन वाजलं की मी श्वास धरायची. डोळे मिटायची भीती वाटायची, कारण शेवटची झोप किती गोड होती ते मी पाहिलं होतं.

निलेश चिडलेला होता. आजी आता घरी नकोत, म्हणाला. मी बिनपगारी रजा घेतो, पण त्या नकोत. मी तिची बाजू घेतली नाही, कारण मीही चिडले होते. मरायला निघालेल्या माणसाला राग येत नसेल असं मला आधी वाटायचं. चांगला येतो.

आजी मात्र रोज यायची. तिला आत सोडत नव्हते. काचेच्या दारापलीकडच्या बाकावर ती पिशवी मांडीवर घेऊन बसायची. तिथली झाडूपोछा करणारी मावशी मावळातल्या भाजे गावची होती. तिनंच एकदा मला सांगितलं, "त्या आमच्या बाई हायत. माजा जलम त्यांच्या हातावर झाला. तुमी त्यांना आत बोलवा की, डबा तसाच माघारी नेत्यात त्या." मी दाराकडे बघायला लागले.

ताप उतरायला लागला तेव्हा आजीला आत सोडलं. गाऊन तिला पायघोळ झाला होता. ती लांब उभी राहिली. मी विचारलं की डोळ्यांचं लपवलंस का.

"मोतीबिंदू हाय. डाक्टर म्हनले, करून घ्या. पन मंग महिनाभर चुलीपाशी जायाचं न्हाई, पान्यात हात घालायचा न्हाई." ती जमिनीकडे बघत होती. "तुजं कोन बगनार व्हतं?"

माझा राग तिथेच संपला असं नाही. पण रडू आलं.

"यापुढे आकडा सांगायचा," मी म्हटलं. "मला. दर वेळी."

"भिशील."

"भितेच आहे मी, आजी. निदान कशाला भ्यायचं ते तरी कळू दे."

तेवढ्यात सिस्टर ताप बघायला आली. आजी तिला म्हणाली, मोठ्यानं सांगा. सिस्टर म्हणाली, शंभर. आजीनं डोळे मिटून ऐकलं, आणि मग पहिल्यांदा जवळ येऊन माझ्या पायांशी बसली.

नऊ, आठ

निलेशला वेळ लागला. पुढच्या किमोनंतर तो रजा काढून घरी बसला, दोन दिवस खिचडी केली, आणि तिसऱ्या दिवशी गाडी काढून कामशेतहून आजीला घेऊन आला. बॅटरीचा थर्मामीटर त्यानं तिच्या हातात दिला. तिनं तो माझ्या हातात दिला. मी मोठ्यानं वाचायची, ती मान हलवायची. आकडा चांगला असो की वाईट, त्या घरात तो मोठ्यानं बोलला जायला लागला. भीती कमी झाली नाही. पण ती माझ्या एकटीची राहिली नाही.

शेवटची किमो झाली, पेशी सावरल्या, आणि डोक्यावर मऊ लव आली तशी ओवी परतली. केसांवरून हात फिरवून तिनं मला पास केलं. मग थर्मामीटर वाचायचं काम तिनं बळकावलं. तिला दोन आकडी संख्या वाचता यायची नाही, सुटे आकडे यायचे. पणजीच्या मांडीवर बसून ती ओरडायची: नऊ, आठ, टिंब, चार. स्कॅन स्वच्छ आला त्याच महिन्यात आजीनं दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतलं. पट्टी निघाल्यावर पहिल्यांदा माझ्याकडे पाहून म्हणाली, "येवढी वाळली व्हतीस व्हय गं?"

हे वाचणाऱ्या कुणाची किमो चालू असेल तर माझ्याकडे सांगण्यासारखं थोडंच आहे. ताप स्वतः मोजा, आकडा स्वतः बघा, आणि घरातल्या एका माणसाला तो मोठ्यानं सांगा. घाबरत घाबरतच सांगा. न घाबरणारी माणसं मला त्या खोलीत एकही भेटली नाहीत.

तिचा ताप

त्यानंतरच्या हिवाळ्यात आजीच्या छातीत कफ भरला. हॉस्पिटलात ठेवलं, औषधं झाली, पण वय आणि हृदय दोन्ही थकलं होतं. मला घरी ने, एवढंच तिनं मागितलं. डॉक्टरांनीही अडवलं नाही. कामशेतच्या घरात मी तिच्यापाशी राहिले. वडिवळ्याहून, भाजेहून बायका येत होत्या, उंबऱ्यात चपला मावत नव्हत्या. प्रत्येकीच्या तोंडी एकच: माझं बाळंतपण बाईंनी केलं, माझं पोर बाईंनी वाचवलं. आजी कुणाला ओळखायची, कुणाला नाही. सगळ्यांना म्हणायची, जेवून जावा.

शेवटच्या दुपारी बायका पाणी प्यायला आत गेल्या होत्या. मी तिच्या डब्यातला काचेचा थर्मामीटर काढून तिच्या काखेत लावला. खिडकीपाशी नेऊन तिरका धरला. पारा खूप वर होता. माझा हात आपोआप झटकायला उचलला गेला.

"किती?" ती अंथरुणातून म्हणाली.

मला सांगवेना. माझ्या वेळी सगळ्या अंगात भरली होती तशी भीती वाटत होती, तीच, फक्त या वेळी माझ्यासाठी नव्हती.

"शीतल. किती?"

"एकशे तीन," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. जवळ ये अशी खूण केली. मी वाकले तशी तिनं हात उचलला आणि माझ्या कपाळावर ठेवला. बराच वेळ ठेवला, दवाखान्यात ठेवायची तसा.

"तुला न्हाई ताप," ती म्हणाली. "गार हायस."

"आजी, तुझा हात तापलाय."

"म्हायती हाय मला," ती म्हणाली. "तरी गार हायस."